सुंदर पेशी

सूक्ष्मदर्शकावर वाकलेली संशोधिका टाळी वाजवून ओरडली, “सापडलं!” निरोगी पेशीच्या पडद्यावरचं प्रथिन रक्तातलं कोलेस्टेरॉल पकडतं, आतलं प्रथिन त्या प्रथिनाला बिलगतं आणि पडदा आत वळून कोलेस्टेरॉल गिळतो. तिच्यासमोरच्या, रुग्णालयातल्या एका आजारी लहानग्याच्या पेशींत मात्र दोन्ही प्रथिनं एकमेकांना धरतच नव्हती. कोलेस्टेरॉल बाहेरच ताटकळत रक्तात साचत होतं. “काय सुंदर पेशी आहेत!” म्हणत तिने सहकारी मैत्रिणीला मिठी मारली. तेवढ्यात तिची नजर दाराकडे गेली. मुलाचा स्वेटर छातीशी धरून त्याची आई उभी होती, चेहरा उजळलेला. “म्हणजे बरा होणार माझा लेक?” संशोधिकेला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. “नाही हो, ताई. दुखणं कशामुळे, एवढंच कळलंय.” “माझ्या हातच्या जेवणामुळे नाही ना?” “नाही.” “मग हसा की,” डोळे पुसत आई म्हणाली. संशोधिकेला मान वर करवेना.