तीन मिस्त्र्यांनंतर

मिदेल्तच्या टॅक्सी स्टँडसमोर इत्तोनं गॅरेज टाकून दोन महिने झाले, तरी एकही टॅक्सी आत शिरली नव्हती. शेवटी आली ती बापाची, तीही तीन मिस्त्र्यांना दाखवून झाल्यावर, आणि वर स्टँडवरचे चार ड्रायव्हर कोंबून. इत्तोच्या ते जिव्हारी लागलं.

"गिअर पडता पडत नाही," बाप म्हणाला. "तिघंही म्हणतात, गिअरबॉक्स उतरवा."

"मग पोरीला कशाला ताप देतोस, मोहा?" मागच्या सीटवरून बस्सू ड्रायव्हर हसला.

इत्तोनं इंजिन बंद ठेवून गिअर टाकले. सगळे गुमान पडले. इंजिन सुरू करताच अडले.

"गिअरबॉक्स ठणठणीत आहे. क्लच पुरता सुटत नाहीये," म्हणत ती वाकली आणि पायाखालचा गालिचा ओढून काढला. घरच्या बाईनं विणलेला गालिचा इथं प्रत्येक टॅक्सीत असतो, म्हणून तिकडे कुणी पाहिलंच नव्हतं. नेमकी क्लचखाली त्याची जाड घडी होती. आता पेडल तळाला टेकलं आणि गिअर अलगद पडला.

बस्सूचं हसू मावळलं. "पोरी, उद्या माझीही गाडी बघशील का?"

संध्याकाळी बाप गालिचा काखेत मारून घरी आला, मागोमाग इत्तो. आईनं दारातच त्याला विचारलं, "काय झालं?"

"तीन मिस्त्री दोन दिवस खपले, एकालाही मी घातलेली घडी दिसली नाही. आपल्या लेकीला पाच मिनिटं लागली."