पट्टी भरली की खेचा

आगरदांडा जेटीवरच्या मकसूदच्या दुकानात संगणकावरची हिरवी पट्टी जागची हलेना.

“नवीन सिस्टीम टाकलीस ना रे? मग ही पेनड्राइव्ह अशी का पेंगते?” जैबुन्निसाखालाने विचारलं. तिचा हात फुगलेल्या मोबाइलवर होता, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा.

मोबाइल तिच्या मरहूम नवऱ्याचा. आत त्याचे शेवटच्या दिवसांतले व्हिडिओ, सगळे मुलाशी बोललेले. अफान तेव्हा जहाजावर होता; मातीलाही पोचला नाही. घरी ते बघायची त्याची हिंमत होईना. आज तो परत नोकरीवर निघालेला; जहाजावर एकटा बघीन म्हणाला. मोबाइल आता विझला की पुन्हा लागणार नाही, हे मकसूदनेच सांगितलेलं. संगणक लग्नांच्या शूटिंगनी गच्च, म्हणून काम मोबाइलमधून थेट पेनड्राइव्हवर चाललेलं.

लाँचचा पहिला भोंगा झाला.

“मकसूदभाई, पलीकडे दिघीला जहाजाचा एजंट थांबलाय,” अफान दारातून म्हणाला. “तुमच्या सिस्टीमला चहा तरी पाजा.”

मकसूदला गिऱ्हाईक सुटलेलं चालायचं, हसं झालेलं नाही. पेनड्राइव्ह कोणी अवचित उपटली तरी नुकसान नको, म्हणून नवी सिस्टीम सावकाश लिहिते, हे त्याला ठाऊक होतं. त्याने काम थांबवलं, ती सेटिंग बदलली, पुन्हा सुरू केलं. पट्टी सुसाट धावली. भरली.

“बघा!” तो कॉलर ताठ करून वळला.

तेवढ्यात मोबाइल विझला.

“वेळेत झालं, अल्हमदुलिल्लाह,” खाला म्हणाली.

दुसरा भोंगा. अफानने पेनड्राइव्ह उपटली, आईला मिठी मारली आणि धावला. पट्टी भरली की बिनधास्त खेचा, हे मकसूदनेच गावाला शिकवलेलं. आजवर खपूनही गेलेलं. पण बदललेल्या सेटिंगमध्ये पट्टी आधी भरते, माल मागाहून उतरतो. उपटली तेव्हा पेनड्राइव्हचा लाल दिवा लुकलुकत होता. तो एकट्या मकसूदने पाहिला.

त्याने हाक मारायला तोंड उघडलं. टेबलावरच्या काळ्या मोबाइलकडे नजर गेली आणि ते मिटलं.

लाँच सुटली. कठड्याशी उभ्या अफानने पेनड्राइव्ह उंच धरून दाखवली. खालाने ओढणी हलवली.

“सगळं उतरलं ना रे, मकसूद?”

“पट्टी तरी तसंच म्हणते, खाला,” मकसूद म्हणाला, आणि लाँच दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिला.