नंदूचं नियमांचं पुस्तक

सत्त्याऐंशी साली दहिसरच्या चाळीत दर रविवारी नंदू गोष्टीचा खेळ चालवायचा. बोटीवर नोकरीला असलेल्या मामाने परदेशातून त्या खेळाच्या पुस्तकाची झेरॉक्स पाठवली होती. प्रत्येकाने गोष्टीतलं एक पात्र व्हायचं, आणि ते जगलं की मेलं हे लुडोच्या फाशाने ठरवायचं.

एकदा प्रेमाच्या कोळणीला राक्षसाने गाठलं. फासा टाकायचं सोडून प्रेमा त्याच्याशी बोलायलाच लागली, "मेल्या, मला खाल्लंस तर उद्यापासून तुला मासळी कोण घालणार?"

नलिनी खूश झाली. "झकास! सोड रे तिला, नंदू."

"पुस्तकात तसं नाही," म्हणत नंदूने स्वतःच फासा टाकला. कोळीण मेली.

"नाही मेली!" नलिनी ताडकन उठली. पुढच्या रविवारी तिने गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला बिनफाशाचा खेळ मांडला. प्रेमाची कोळीण तिथे जिवंत होती, आणि हळूहळू सगळी पोरं तिकडेच गेली.

दिवाळीला मामा मूळ पुस्तक घेऊन आला. झेरॉक्स चाळताच त्याने कपाळावर हात मारला. "अरे, घाईत मी नुसती उजवीकडचीच पानं काढली की रे!"

नंदू पुस्तक घेऊन धावत गॅलरीत आला. "नले, दुसऱ्याच पानावर लिहिलंय, नियम पटला नाही तर बदला! तुझं बरोबर होतं यार. चल, आता परत ये."



"आमची कोळीण पुस्तकाला विचारून जगली नाही, नंद्या. खेळायचं असेल तर ते घरी ठेव आणि तूच इकडे ये."