कार्थेजचं मीठ

"आणि मग," असं म्हणून हेमचंद्र थांबले. नागपूरच्या कॉलेजात तीस वर्षं ते नेमके याच जागी थांबत आले होते. परदेशात, मुलाच्या वॉटर्लू गावच्या लायब्ररीतल्या या हॉलमध्येही त्याचा तोच परिणाम झाला. महाराष्ट्र मंडळाची चाळीसएक माणसं समोशाच्या प्लेट्स मांडीवर तशाच धरून त्यांच्याकडे बघत राहिली. पहिल्या रांगेत मुलगा नंदन व्हिडिओ कॅमेरा घेऊन बसला होता.

इथवर सगळं झकास जमलं होतं. रोमशी टक्कर घेणाऱ्या कार्थेज शहराची जहाजं, अर्ध्या समुद्रावर चालणारा त्यांचा व्यापार, किनाऱ्याला लागलेलं त्यांचंच एक जहाज समोर ठेवून रोमन लोकांनी उभारलेलं आरमार, एकशे अठरा वर्षांतली तीन युद्धं. शेवटी शहर सतरा दिवस जळत राहिलं. पुढचं वाक्य मिठाचं. पुन्हा गवताचं पातंसुद्धा उगवू नये म्हणून रोमन सैन्याने तिथे मीठ पेरलं.

आणि हे वाक्य खोटं होतं. महिन्यापूर्वी याच लायब्ररीत, बाहेर बर्फ म्हणून घरी जाता येईना तेव्हा चाळायला घेतलेल्या एका पुस्तकात त्यांनी ते वाचलं. जुन्या काळच्या एकाही लेखकाने मिठाचा शब्द काढलेला नाही, ही भर कोणीतरी फार मागाहून घातली. हेमचंद्रांनी ते पान दोनदा वाचलं आणि कोणी बघत तर नाही ना, म्हणून मान वर करून पाहिलं.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. म्हातारपणी आपली एखादी चूक कळली तर माणूस मनातल्या मनात हसून सोडून देतो. पण स्टेजच्या कडेला खुर्चीवर जयंती बसली होती.

हे व्याख्यान जयंतीनेच ठरवलं होतं. सर मुलाकडे आलेत हे कळताच तिचा फोन आला. "सर, मी जयंती, एक्क्याऐंशीची बॅच. हॉल मी बुक करते, राइडसुद्धा देते. तुम्ही फक्त कार्थेज सांगा. मला परत एकदा ऐकायचंय." नाव ऐकल्याबरोबर त्यांनी तिला ओळखलं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला हीच मुलगी भर वर्गात उभी राहिली होती. "सर, हे मिठाचं कुठे लिहिलंय? मी लायब्ररीतली सगळी पुस्तकं बघितली, मला सापडलं नाही."

ते हेमचंद्रांनीही कुठे वाचलं नव्हतं, त्यांच्या सरांकडून ऐकलं होतं. तेवढं सांगितलं असतं तर काय बिघडणार होतं? पण ते म्हणाले, "मीठ पेरणाऱ्यांकडून तुला कळवायचं राहून गेलं, बाई. असं कर, तू तिथे जा आणि माती चाखून ये." साठ पोरं खिदळली. वर्षभर सगळे तिला मीठवाली म्हणत होते. एम.ए.ला तिने इतिहास घेतला नाही. आता ती इथल्या एका इन्शुरन्स कंपनीत, लोकांनी केलेले क्लेम खरे की खोटे, ते तपासायची.

आज सगळ्यांदेखत सांगून टाकायचं, असं ठरवूनच ते आले होते. टिपणाच्या शेवटच्या कागदावर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मीठ खोटं. जयंती बरोबर होती.'

त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग समोर पाहिलं. हॉलमध्ये चूळबूळसुद्धा नव्हती.

"आणि मग," ते आवाज खाली आणून म्हणाले, "त्यांनी मीठ पेरलं."

मागून कोणीतरी "ओ माय गॉड" म्हणालं आणि टाळ्या सुरू झाल्या. नंदनने कॅमेऱ्यामागून अंगठा वर केला. हेमचंद्रांचे कान तापले. पंच्याहत्तरीला आलेला माणूस चाळीस लोकांच्या टाळ्यांना भुलला, याची त्यांना भयंकर लाज वाटली. आभाराच्या वेळी दोन मिनिटं मागून घेऊ आणि बोलून टाकू, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

पण तोवर जयंती शाल आणि नारळ घेऊन माईकपाशी आली होती.

"मला एक कन्फेशन द्यायचंय," ती म्हणाली. "याच मिठावरून मी एकदा सरांना भर वर्गात आडवा प्रश्न विचारला होता. दोन-चार पुस्तकं काय चाळली, मला वाटलं, मला सरांपेक्षा जास्त कळतं! एवढा वाचलेला माणूस, आणि मी त्यांच्याकडे प्रूफ मागत होते. खरं सांगते, इतक्या वर्षांत मी कोणाला चारचौघांत असा प्रश्न विचारला नाही. आधी तो वर्ग आठवतो." लोक हसले. तीही हसली, पण तिचे डोळे भरून आले होते. "सर, तेव्हा मला सॉरी म्हणायचा धीर झाला नाही. आज सगळ्यांसमोर म्हणते."

तिने शाल त्यांच्या खांद्यांवर घातली आणि वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. भांगाशी तिचे केस पांढरे झाले होते. कोणीतरी माईक हेमचंद्रांच्या हातात दिला. सगळे त्यांच्याकडे कौतुकाने बघत होते. दुसऱ्या हातात तो कागद होता, फक्त वाचायचा होता. त्यांनी तो मुठीत दाबला.

"वेडी आहेस," ते म्हणाले. "मी तुला तेव्हाच माफ केलं होतं."