ह्यांच्या यंत्रावर

आजूबाजूचे छापखाने एकेक करून बंद पडत होते, तेव्हाची गोष्ट. आमच्या मालकांनी नियम केला, प्रत्येकानं आणखी एकाचं काम शिकून ठेवायचं. कुणावाचून अडता कामा नये. मी बांधणीत होते. ह्यांचं छपाईयंत्र शिकले.

"शाई बेतानं. तुझ्या चहातली साखर नव्हे ती," हे चिडवायचे.

एका सकाळी यंत्रावरच ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात निघताना म्हणाले, "तू यंत्र सांभाळ, मी आलोच."

दुपारी हे गेल्याचा निरोप आला. लावलेला कागद संपवूनच मी निघाले.

पुढे वार्षिक सभेत मालक अभिमानानं म्हणाले, "त्या दिवशीसुद्धा आपलं यंत्र थांबलं नाही!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.