परकीय शक्तींचा पत्ता

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीवर परकीय शक्तींचा डोळा आहे, असं सुजितचं ठाम मत होतं. रंगाच्या एका कारखान्यात तो सर्व्हर सांभाळायचा. कूलरमध्ये पाणी भरायचं कामही त्याच्याकडेच होतं.

आज सकाळपासून कुणीतरी दर पाच मिनिटांनी सर्व्हरच्या मुख्य खात्यात चुकीचा पासवर्ड टाकत होतं. सुजितनं तो नेटवरचा पत्ता ताबडतोब बंद केला. खबरदारी म्हणून चीन आणि रशियाही बंद केले. मग पत्ता कुठला ते पाहिलं. निघालं बोईसर. याच पत्त्यावरून रविवारी डिस्पॅचच्या हेमांगीनं घरून काम केलं होतं.

मालक मेहुलभाईंनी तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तिचा राजीनामा टाईप करून तयार होता. सही तेवढी व्हायची होती.

"मी असं कशाला करीन, सर?"

"करणारे असंच विचारतात," सुजित म्हणाला.

तेवढ्यात सुजितच्या लॅपटॉपवर अडवलेल्या प्रयत्नाची नवी लाल ओळ उमटली. पत्ता तोच.

"मी तर इथं तुमच्यासमोर उभी आहे," हेमांगी म्हणाली.

सुजित मेहुलभाईंच्या कानाशी वाकला. "म्हणजे टोळी आहे, सर."

"घरी कोण असतं?" मेहुलभाईंनी विचारलं.

"आई."

"लावा फोन. स्पीकरवर."

हेमांगीनं फोन लावला. "आई, खोलीत कोन हाय?"

"कोन असंल? मी हाय न बोंबील हायत. तू कामावर नाय गेली का?"

"कामावरच हाय. तुज्याजवल कोनी फोन, कम्प्युटर चालवतंय का?"

"हाच काय तो फोन, न तो तू अडवलास." आईचा आवाज चढला. "पन त्या शेजारच्या सुजितला सांग. खोलीला कुलूप लावून गेलाय मेला, न आत फोन सकालपासून टुंग टुंग करतंय. डोकं उठलं माजं."

फोन बंद झाला. मेहुलभाईंनी चष्मा काढून सुजितकडे पाहिलं.

"एकाच चाळीत राहता तुम्ही?"

"बावीस खोल्या आहेत, सर," उत्तर हेमांगीनं दिलं. "वायफाय घरमालकाचं, सगळ्यांत मिळून एकच. बाहेरून बावीस जणांचा पत्ता एकच दिसतो. सर्व्हर सांभाळणाऱ्याला ठाऊक असतं हे."

सुजितनं एक खिसा चाचपला, मग दुसरा.

"मुख्य खात्याचा पासवर्ड शेवटचा कधी बदलला?" मेहुलभाईंनी विचारलं.

"आज सकाळी, आल्या आल्या."

"कुणी?"

"मीच. सुरक्षेसाठी."

फोनमधला बदलायचा राहिला होता, आणि फोन जुन्याच पासवर्डनं दर पाच मिनिटांनी आपणहून त्या खात्याचं मेल बघत होता.