काचेला दार

फ्रेम टेबलावर ठेवली गेली आणि मुलगा सवयीने म्हणाला, "बघा, बाबा." म्हणाला आणि त्याने जीभ चावली, कारण म्हाताऱ्याला आता उजेड आणि अंधार यापलीकडे काही दिसत नव्हतं.

फ्रेमवाल्या बाईंना हे आत्ताच कळत होतं. मागच्या खेपेला मुलगा एकटाच आला होता. कागदात गुंडाळून आणलेला उशीचा अभ्रा त्याने टेबलावर हलकेच उलगडला होता. आईने नवी नवरी असताना भरलेला. कोपऱ्यात एक डहाळी, चार पानं, लाल फळं आणि एक ठेंगणा पक्षी. आई गेल्यापासून बाबा तो उशाशी घेऊन झोपतात, दोरे सुटत चाललेत, असंच राहिलं तर त्याच्या चिंध्या होतील, म्हणून कायमचा जपून ठेवायचाय, असं त्याचं म्हणणं होतं.

कायमचा म्हटलं की बाईंच्या अंगात वारं शिरत असे. बाकीचे फ्रेम विकतात. बाई आधी धूळ, ओल, ऊन आणि कसर यांची यथेच्छ भीती घालत आणि मग स्वतःच अभय देत. या अभ्र्यात तर त्यांनी जीव ओतला होता. डिंकाचा थेंब न लावता तो बारीक टाक्यांनी पाठीमागच्या कापडावर धरला, उथळ लाकडी पेटीत बसवला, वर ऊन गाळणाऱ्या काचेची चौकट ठोकली आणि सगळे सांधे कागदाने असे बंद केले की मुंगीला आत शिरायचं तर अर्ज करावा लागला असता.

म्हाताऱ्याने हात पुढे केला. बोटं काचेवर टेकली आणि थबकली. मग काचेवरून हिंडू लागली, वर, खाली, पुन्हा वर. चौकटीच्या कडेने एक फेरी झाली, मग दुसरी. एका सांध्यात त्याने नख घालून पाहिलं. छान झालंय, लाकूड अगदी गुळगुळीत आहे, असं तो म्हणाला. मग जरा संकोचून त्याने विचारलं,

"बाई, याचं दार कुठे आहे?"

मुलाने समजावून सांगितलं. दार नसतं बाबा, आत हवासुद्धा जात नाही, म्हणून तर ते टिकतं. म्हाताऱ्याने मान हलवली, बरोबर आहे म्हणाला आणि हात मांडीवर ठेवून दिला. पण दोन बोटं तिथेही स्वस्थ बसेनात. पँटच्या कापडावर ती एक वळणाची रेघ ओढत होती, मग जवळजवळ पाच-सहा ठिपके देत होती, की पुन्हा रेघ.

बाईंनी ती रेघ ओळखली. आठवडाभर त्या तिच्याच नादात होत्या. ती डहाळी होती, आणि ठिपके म्हणजे गाठीच्या टाक्यांची लाल फळं. वस्तू कशाकशापासून वाचवायची हे त्या प्रत्येकाला विचारत. ती कुणाला कशी लागते, हे विचारायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

तरी त्या म्हणाल्या, "झिजेल हो, काका. बोटांना घाम असतो. दोरे आधीच विरत आलेत."

"झिजू दे की. मीही झिजतोच आहे," म्हातारा म्हणाला. "बघू कोण आधी संपतं."

तो हसला. मुलगा हसला नाही.

"आणि माझ्याकडे काय राहील, बाबा?"

बाईंनी एकदा बापाकडे पाहिलं, एकदा लेकाकडे. दोघांचंही खरं होतं आणि अभ्रा एकच होता.

त्यांनी पातं काढलं. आपणच इतक्या निगुतीने चिकटवलेला कागद कापताना त्यांच्या अगदी जिवावर आलं. काचेची चौकट पेटीपासून सोडवली, खण धुंडाळून पितळेच्या दोन बिजागऱ्या काढल्या आणि चौकट पुन्हा पेटीवर बसवली, या खेपेला फक्त एका बाजूने. दुसऱ्या बाजूला एक कडी लावली. दुसऱ्या कुणी असली फ्रेम केली असती, तर बाईंनी त्याला पुढची दहा वर्षं नावं ठेवली असती.

मग त्यांनी म्हाताऱ्याचं बोट धरून कडीवर ठेवलं.

"हे दार. पण माझ्या अटी आहेत," बाई म्हणाल्या. आवाज उगाचच करडा लागला. "दिवसातून एकदाच उघडायचं. एकच बोट, अलगद. आणि आधी हात स्वच्छ धुवायचे, साबणाने. ओला हात तर मुळीच नाही."

म्हातारा ऐकता ऐकता ताठ बसला. त्याचा चेहरा एकाएकी तरुण झाल्यासारखा दिसला.

"तीही हेच म्हणायची," तो म्हणाला. "भरायला बसली की हात धुतल्याशिवाय जवळ येऊ द्यायची नाही."

मोरी कुठे आहे, असं त्याने विचारलं. मुलगा त्याला कोपऱ्यातल्या नळापाशी घेऊन गेला. बराच वेळ पाणी वाजत राहिलं. मुलाने आपल्या रुमालाने त्याची बोटं एकेक करून कोरडी केली आणि त्याला परत टेबलापाशी आणलं.

म्हाताऱ्याने कडी शोधली नाही. बाईंची चाहूल लागली तिथे तो थांबला. दोन्ही हात त्याने त्यांच्यासमोर धरले, आधी तळवे वर, मग उलटे, आणि तसाच उभा राहिला.

बाईंनी ते हात नीट पाहिले. नखंसुद्धा पाहिली.

"हं," त्या म्हणाल्या. "लावा आता."